अठ्ठेचाळिसावी ओळ

दोन मणी. फक्त दोन मेले पांढरे मणी, आणि माझं डोकं असं फिरलं की हातातली सुई हातातच राहिली आणि मी ओरडले, "अंजनाबाई, आधी इकडे या!"

बमरोलीत आमच्या लाइनीतल्या, म्हणजे लूम कामगारांच्या खोल्यांच्या रांगेतल्या, भिंती अशा की हळू बोललं तरी तीन घरं ऐकतात. अंजनाबाई शेजारच्याच. त्या कणीक माखलेल्या हातांनी धावत आल्या, त्यांना वाटलं मला विंचू चावला.

"मोजा," मी म्हटलं. "सातवा पांढरा आणि तेविसावा पांढरा. चौसष्टच्या चौसष्ट लाल यायला हवे होते. कुठे माती खाल्लीत तुम्ही?"

आता पहिल्यापासून सांगते, नाहीतर म्हणाल ही बाई दोन मण्यांवरून शेजारणीच्या अंगावर जाते.

नूतन माझी थोरली. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, गणित घेऊन. शहाण्णवच्या दिवाळीत तिला स्थळ आलं. मुलगा ललित, इच्छापोरला कंपनीत परमनंट, माणसं मूळची शिरपूरकडची, म्हणजे आपल्यातलीच. मुलगा सरळ. नूतनलाही आवडला होता, ते तिनं सांगितलं नाही, पण आईला सांगावं लागतं का? घोळ एवढाच की त्यांना लग्न माघात हवं होतं. मुलाची आजी अंथरुणाला खिळलेली, तिला डोळे मिटायच्या आत नातसून बघायची होती. आणि नूतनची परीक्षा एप्रिलात.

"लग्न झाल्यावर दे की परीक्षा," मी म्हटलं.

"लग्न झाल्यावर कोण देतं, माय? आपल्या लाइनीतलं एक नाव सांग."

एकही नाव आठवेना, म्हणून मला आणखी राग आला. नूतनचे वडील कापडाच्या लूमवर कामाला. नाव मी घेत नाही, लाइनीत त्यांना लोटूभाऊ म्हणतात. त्यांना विचारलं तर म्हणाले, "तुम्ही मायलेकी पाही ल्या." घरातला कुठलाही प्रश्न त्यांच्याकडे नेला की तो असा जसाच्या तसा परत येतो.

माझं म्हणणं साधं होतं. असं स्थळ पुन्हा दारात येत नाही. मी पोरीचं वाईट थोडंच करणार होते?

मग रुखवताचा विषय निघाला. आमच्याकडे मुलीकडच्यांनी रुखवतात काय मांडलं, यावर लोक वर्ष-वर्ष बोलतात. साड्यांना टिकल्या लावायचं काम मी घरी करते, सुईला हात बसलेला. मी मण्यांचा मोर ठरवला होता, पिसारा फुललेला. नूतन म्हणाली, "सगळं तुम्हीच ठरवलंत. रुखवतातली एक वस्तू मी ठरवणार."

तिनं कॉलेजातून एक कागद आणला. गणिताच्या सरांनी म्हणे कॉम्प्युटरवर दाखवलं होतं. त्याला नव्वद नंबरचा नियम म्हणतात.

"बस आहे का काय नंबर द्यायला?" मी म्हटलं.

"ऐक तरी. वर एक लाल मणी. त्याच्या खाली दोन, त्याच्या खाली तीन, अशी प्रत्येक ओळ एका मण्यानं वाढत जाणार. प्रत्येक मण्याच्या डोक्यावर दोन मणी येतात, एक डाव्या खांद्यावर, एक उजव्या. दोन्ही सारखे असले, दोन्ही लाल नाहीतर दोन्ही पांढरे, तर खालचा पांढरा. वेगवेगळे असले तर खालचा लाल. दोन्ही कडांना नेहमी लाल. संपलं."

"आणि नक्षी कुठली काढायची?"

"नक्षी काढायचीच नाही. नियम पाळायचा, नक्षी आपोआप येते."

"आपोआप तर चहासुद्धा होत नाही, बाई."

तेव्हा ती माझ्यासमोर मांडी घालून बसली. म्हणाली, "माय, मी एकही मणी ओवणार नाही. बघेन, पण बोलणार नाही. तू आणि अंजनामावशी ओवा. चौसष्टावी ओळ सगळीच्या सगळी लाल येईल, हे मी आज सांगते. आली, तर तू त्यांना सांगायचं, लग्न परीक्षेनंतर. नाही आली, तर माघात बोहल्यावर उभी राहीन, तोंडातून ब्र काढणार नाही."

मी हो म्हटलं. मला वाटलं, दोन हजार मणी, दोन बायका, दोघींची डोकी दोन दिशांना. कुठली येतेय सगळी लाल ओळ! उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

काचेचे मणी आणले, ओवायला तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा आणला. दुपारी पाणी भरून झालं की बसायचं. पहिली ओळ अंजनाबाईंची, दुसरी माझी, अशा आलटून-पालटून. म्हणजे एक, तीन, पाच त्यांच्या आणि दोन, चार, सहा माझ्या. चौथी ओळ सगळी लाल आली. मी म्हटलं, चार मण्यांत काय एवढं. आठवीही सगळी लाल आली. आणि लाल ओळ आली की पुढच्या ओळीत फक्त दोन कडा लाल, मधे सगळं पांढरं, आणि त्या दोन कडांपासून वरच्यासारखेच दोन त्रिकोण खाली उतरायला लागायचे. मधे पांढरा उलटा त्रिकोण आपसूक राहायचा. सोळाव्या ओळीला पुन्हा सगळं लाल. कुणी छापली नाही, कुणी सांगितली नाही, आणि त्रिकोणात त्रिकोण, त्यात आणखी बारके त्रिकोण. मला तर चीडच आली. आयुष्यभर मी छापील ठिपक्यांवर टिकल्या लावल्या, आणि इथे ठिपकेच नाहीत!

नूतनचे वडील दोन्ही हात कमरेवर ठेवून म्हणाले, "काय शे हाई? समोसा?"

"खा मग चटणी लावून," मी म्हटलं.

बत्तिसावी ओळ माझी. शेवटचा मणी ओवला, मोजले, बत्तीसच्या बत्तीस लाल. मला इतका आनंद झाला की मी अंजनाबाईंना हाक मारली. त्या टाळ्या पिटत आल्या. आणि त्याच घासाला खडा लागला. चार, आठ, सोळा, बत्तीस. म्हणजे चौसष्टही येणार. म्हणजे मला विहिणीपुढे उभं राहून 'लग्न पुढे ढकला' म्हणावं लागणार. त्या रात्री मला वरण गोड लागेना.

डिसेंबरात विहीणबाई स्वतः आल्या, पुष्पाबाई. सहज आले म्हणाल्या, पण विहीण सहज येते का कधी? भिंतीवर लटकवलेलं काम बघून त्यांचे डोळेच हालेनात. "अगं बाई! काय नाजूक काम! काय हात! माझ्या घरी आली की हेच करेल हो नूतन, ते कॉलेज-बिलेज कशाला हवं?" पाच वेळा बोट फिरवलं, पाच वेळा 'काय सुंदर, काय सुंदर' केलं. त्यांनी मनापासून केलं असेल, मी नाही म्हणत नाही. पण एवढं डोळे भरून बघितलेल्या वस्तूचं चांगलं होत नाही.

त्या गेल्या तेव्हा माझी अठ्ठेचाळिसावी ओळ अर्धवट होती. डावीकडे सोळा लाल, मधे सोळा पांढरे, उजवीकडे सोळा लाल, अशी सोपी ओळ. डावीकडच्या लालमधे सातव्या जागी मी एक काळा मणी ओवला. नजरेचा. माझ्या आईनं माझ्या रुखवताच्या तोरणात असाच घातला होता, आणि तिच्या आईनं तिच्या. कुठलीही लग्नाची वस्तू आमच्याकडे काळ्या मण्याशिवाय पुरी होत नाही. संध्याकाळी नूतन कॉलेजातून आली. पिशवी खांद्यावर तशीच, भिंतीपुढे बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "चहा आहे का?"

पुढच्या ओळी लांबलचक. मधे कुठेतरी जरा गिचमीड झाल्यासारखी वाटली, पांढऱ्या जागेत एक जास्तीचा बारका त्रिकोण फुटला होता. पण तोही इतका रेखीव की मला वाटलं, असेल बाई, या नव्वद नंबरचं काय सांगावं.

आणि मग तो जानेवारीतला शनिवार. दुसऱ्या दिवशी मुलाकडचे तारीख ठरवायला येणार होते. चौसष्टावी ओळ माझी. आणि सातवा पांढरा, तेविसावा पांढरा.

खरं तर मी जिंकले होते. मला नाचायला हवं होतं. विहिणीपुढे तोंड वेंगाडायची वेळ टळली होती, पोरगी मुकाट बोहल्यावर चढणार होती. पण मला जो संताप आला, तो मला आजही सांगता येत नाही. बासष्ट लाल आणि दोन पांढरे! दोन महिने मान मोडून बसले, त्याचं हे फळ!

"माझं काही चुकलं नाही," अंजनाबाई म्हणाल्या. "तो नियम मला झोपेतसुद्धा पाठ आहे."

"तुमचं अर्धं लक्ष टीव्हीत असतं!"

"आणि तुमचं? चोराच्या उलट्या बोंबा! शेवटची ओळ तुमची, पांढरे मणी तुमच्या हातचे, आणि माती मी खाल्ली?" असं म्हणून त्या गेल्या. जाताना दार आपटलं. त्या दाराला कडी धड लागत नाही, त्यामुळे ते आपटलं तरी पुन्हा उघडलंच.

एवढ्यात नूतनचे वडील पाळीवरून आले. कपड्यांवर कापसाची कुसं, कान लूमच्या आवाजानं बधिर, तरी माझा आवाज त्यांना कोपऱ्यावरूनच ऐकू आला होता.

"कसाले वरडस?"

मी दोन मणी दाखवले. ते जवळ आले, कापड तपासतात तसं डोळे बारीक करून बघितलं. पंचवीस वर्षं त्यांनी कापडातली खोट शोधली आहे, दुसरं काय येतं त्यांना? म्हणाले, "खोट खाले दिसस, तुटेल वर ऱ्हास. दोन्ही बाजूथीन धर अन वर जाय." म्हणजे खोट खाली दिसते, पण धागा तुटलेला असतो वर. एवढं बोलून हातपाय धुवायला मोरीत गेले.

मी सातव्या मण्यावर डाव्या हाताचं बोट ठेवलं, तेविसाव्यावर उजव्या हाताचं. डावं बोट डाव्या कडेच्या उतारानं वर नेलं, उजवं उजव्या कडेच्या उतारानं. एकेक ओळ वर. बोटं जवळ जवळ येत गेली. मधे तोच तो जास्तीचा बारका त्रिकोण होता, त्याच्याच दोन कडांवरून माझी बोटं चढत होती. सोळा ओळी वर गेल्यावर दोन्ही बोटं एकाच मण्यावर टेकली.

काळा.

 मी तशीच अंजनाबाईंच्या दारात गेले. त्या पोळ्या लाटत होत्या, वर बघेनात.

"अंजनाबाई, त्या काळ्या मण्याखाली तुम्ही ओवलंत ते काय धरून ओवलंत?"

"लाल नव्हता, म्हणून पांढरा धरला. आणखी काय धरणार?" त्यांनी लाटणं ठेवलं. "मी विचारायला आले होते तुमच्याकडे. तुम्ही म्हणालात, 'ओवा हो पुढे, डोकं नका खाऊ.'"

म्हटलं होतं मी. अगदी याच शब्दांत म्हटलं होतं.

"मुद्दाम घातलात का हो?" त्यांनी हळूच विचारलं. "पैज होती म्हणून विचारते."

"जीभ झडो तुमची!" मी म्हटलं. पण घरी येईपर्यंत तेवढ्या चार पावलांत मी तोच प्रश्न स्वतःला विचारत होते. मुद्दाम नाही घातला. देवाशपथ नाही. पण बत्तिसाव्या ओळीनंतर मला रोज वाटत होतं की काहीतरी व्हावं आणि ही पैज मोडावी, हेही खरं. हात कुणाचं ऐकतो, ते हातालाच माहीत.

नूतन आली तेव्हा मी ते काम मांडीवर घेऊन बसले होते. तिनं दोन पांढऱ्या मण्यांकडे बघितलं आणि चपला काढल्या.

"हरले मी," ती म्हणाली. "माघात उभी राहते."

"तुला कधी कळलं?"

"काय?"

"माझ्यापुढे भोळी होऊ नको. गणितवाली आहेस ना? कधी कळलं?"

ती पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली. "अंजनामावशींनी त्याच्या खाली पांढऱ्यांऐवजी दोन लाल ओवले, त्याच दिवशी. सातवा आणि तेविसावा जाणार, हे मी वहीत लिहूनसुद्धा ठेवलं."

"आणि गप्प बसलीस? महिनाभर? अगं, सोळा ओळी! मला सांगता येत नव्हतं? तेव्हाच उसवलं असतं मी!"

"बोलणार नाही, असं ठरलं होतं. आणि काय सांगणार होते, माय?" तिचा आवाज चढला. माझीच लेक शेवटी. "तू माझ्या भल्यासाठी घातला होतास ना तो? मग तो काढ, असं मी कुठल्या तोंडानं म्हणू? हे लग्नही माझ्या भल्यासाठीच आहे. तुझ्या भल्यापुढे मला कधी बोलता आलंय?"

मी थोबाडीत मारायला हात उचलला होता, खोटं कशाला बोलू. तो हात तसाच खाली आणून मी मांडीवरच्या मण्यांवर ठेवला.  मोरीतून नूतनचे वडील ओरडले, "टॉवेल कुठे शे?" आणि मी म्हटलं, "तुमच्या डोक्यावर!" आणि तो खरंच त्यांच्या डोक्यावर होता.

रविवारी मुलाकडचे आले. पुष्पाबाई, त्यांचे मालक हेमराजभाऊ, आणि ललित. पोहे झाले, चहा झाला. हेमराजभाऊंनी खिशातून पंचांगाचा कागद काढला. "माघातली एकवीस फेब्रुवारी चांगली आहे," म्हणाले.

मी काम भिंतीवर मुद्दाम लटकवलं होतं. पुष्पाबाई त्याच्याकडे बघत होत्या. "झालं वाटतं पुरं? पण खालच्या ओळीत दोन मणी चुकलेत की हो, सरलाबाई."

"खाली नाही चुकलं," मी म्हटलं. "वर चुकलं. आणि ते मी चुकवलंय." आणि मग माझ्या तोंडाला जे आलं ते मी थांबवलं नाही. "विहीणबाई, लग्न वैशाखात. पोरीची परीक्षा एप्रिलात आहे, ती देईल, मग तुमच्या घरी येईल. आजींना नातसून बघायची आहे, तर दर रविवारी मी नूतनला इच्छापोरला घेऊन येते, आजींजवळ बसवते, पाय चेपायला लावते. पण शेवटचं वर्ष वाया जाऊ देणार नाही."

नूतनचे वडील माझ्याकडे असे बघायला लागले, जसं काही त्यांच्या घरात दुसरीच बाई शिरली.

"असं ठरलं नव्हतं," हेमराजभाऊ म्हणाले.

"नव्हतं. आता ठरवतेय."

"आणि आमच्या आई वैशाखापर्यंत राहिल्या नाहीत तर?" पुष्पाबाईंनी विचारलं. त्यांचंही काही खोटं नव्हतं, तोच तर त्रास होता.  ललितनं मान खाली घातली होती. ती वर न करताच तो म्हणाला, "वैशाख चालेल." आईनं त्याच्याकडे जे बघितलं ते बघून मला वाटलं, आता हे माझ्या पोरीला जन्मभर पुरणार.

त्या रविवारी ते गेले. सोमवारी मी आणि अंजनाबाई उसवायला बसलो. चांगलं केलेलं उसवणं म्हणजे स्वतःचेच केस उपटणं. नऊशेवर मणी तंगुसावरून एकेक करून काढले, दोघींनी शिव्या देत. काळ्या मण्यापाशी आले तेव्हा मी सुई घातली आणि नूतनला म्हटलं, "हा काढते. इथे लाल घालते, म्हणजे तुझं गणित बसेल."

"राहू दे तो," ती म्हणाली. "काळाच राहू दे. मावशी, खालची ओळ ओवताना त्याला फक्त लाल धरा."

त्या ओळींना पंधरा दिवस गेले. चौसष्टावी ओळ माझी होती. मोजली नाही मी, नूतननं मोजली. चौसष्टच्या चौसष्ट लाल. आणि मग रविवारी इच्छापोरची बस धरली, कारण कबूल केलं होतं.

आजी फाल्गुनात गेल्या. नूतन सात रविवार त्यांच्याजवळ बसली होती, पण नातसून म्हणून नव्हे. लग्न वैशाखात झालं, परीक्षा झाल्यावर. मांडवात रुखवत मांडलं तेव्हा लाइनीतल्या बाया मण्यांभोवती गोळा झाल्या. पुष्पाबाई आल्या. त्या माझ्याशी चार महिने धड बोलल्या नव्हत्या, डोळ्यांत अजून सासूचं दुःख होतं. त्यांनी शेवटची ओळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटानं चाचपली. मग बोट वर नेलं आणि काळ्या मण्यावर थांबवलं.

"हा एक चुकलाय," त्या म्हणाल्या.

"नाही, विहीणबाई," मी म्हटलं. "तो लाल धरायचा."